अपूर्णांक, दशांश आणि शेकडा : कास्तकारासाठीं एक पाठ

शेतकऱ्याच्या घरीं येणाऱ्या बहुतेक प्रत्येक कागदावर आज कोठें ना कोठें एक अपूर्णांक असतो. सातबाऱ्याच्या उताऱ्यावर क्षेत्र दशांशांत लिहिलेलें असतें. जुन्या फेरफारांत तोच हिस्सा आणे-पैंत असतो. खताचें पोतें, बियाण्याची पिशवी, पीकविम्याची पावती व कारखान्याचें ऊसबिल यांवर टक्के असतात. आणि घरांतील वडीलधारीं माणसें पावणेदोन, सव्वातीन, अडीच असें तोंडानें बोलतात. भाषा निरनिराळी, पण गोष्ट एकच. ती ओळखतां आली नाहीं म्हणजे मनुष्य दुसऱ्याच्या हिशेबावर विसंबून राहतो, आणि त्यांत कधीं गुंठा जातो, कधीं रुपया जातो.

महसुली दप्तरांत आमचीं पुष्कळ वर्षें गेलीं. तेथें आमच्या पाहण्यांत असें आलें कीं, भावाभावांतील तंट्यांचें मूळ पुष्कळदां जमिनींत नसून तिच्या हिशेबांत असतें. त्रैराशिक चांगलें येणारे शहाणे कास्तकारही दशांश-चिन्ह पाहतांच बुजतात. यास्तव आपल्या सोलापूर जिल्ह्यांतील नित्याचीं उदाहरणें घेऊन हा विषय आम्ही येथें क्रमानें मांडीत आहों. वाचकांनीं कागद व पेन्सिल जवळ घेऊन हा पाठ वाचावा, अशी विनंति आहे.

१. एका हिश्श्याचे तीन वेष

अखंड वस्तूचे सारखे भाग करून त्यांपैकीं कांहीं घेतले म्हणजे अपूर्णांक होतो. भाकरीचे चार सारखे तुकडे करून तीन घेतले तर पाऊण भाकरी, म्हणजे ३/४. खालचा आंकडा छेद होय. भाग किती केले तें तो सांगतो. वरचा आंकडा अंश होय. भाग किती घेतले तें तो सांगतो.

व्यवहारी अपूर्णांकांत छेद कोणताही असूं शकतो. दशांश अपूर्णांकांत छेद दहा, शंभर, हजार असाच असावयाचा, म्हणून तो लिहीत नाहींत. चिन्हाच्या उजवीकडील पहिलें घर दहाव्या भागाचें, दुसरें शंभराव्या भागाचें, तिसरें हजाराव्या भागाचें. शेकड्यांत छेद नेहमीं शंभरच असतो, आणि त्याच्या जागीं आपण 'टक्के' हा शब्द बोलतों.

एका वेषांतून दुसऱ्यांत जाण्याची रीत सोपी आहे. अंशास छेदानें भागिलें कीं दशांश मिळतो : ३ भागिले ४ बरोबर ०.७५. दशांशास शंभरानें गुणिलें, म्हणजे चिन्ह दोन घरें उजवीकडे सरकविलें, कीं शेकडा मिळतो : ७५ टक्के. उलट जावयाचें असल्यास टक्क्याखालीं १०० लिहून संक्षेप करावा : ७५/१०० म्हणजे ३/४. जुन्या शाळांत पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी हे पाढे मुलांकडून पाठ करून घेत. ते ज्यांस येतात त्यांचा निम्मा पाठ आधींच झालेला आहे.

२. आणे गेले, पैसे आले

१ एप्रिल १९५७ पूर्वीं रुपयाचे १६ आणे व आण्याच्या १२ पै, म्हणजे रुपयाच्या १९२ पै होत. त्या दिवसापासून रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. 'नवे' हा शब्द पुढें १९६४ सालीं गळाला. पूर्वीं 'चार आणे पीक' म्हटलें म्हणजे जें कळे, तें आतां 'पंचवीस पैसे' म्हणून कळतें. खालील कोष्टक वाचकांनीं एकवार स्वतः भागाकार करून पडताळावें.

१/१६ = १ आणा = ०.०६२५ = सव्वासहा टक्के
१/८ = २ आणे = ०.१२५ = साडेबारा टक्के
१/४ = ४ आणे = ०.२५ = पंचवीस टक्के
१/३ = ५ आणे ४ पै = ०.३३३… = तेहेतीस पूर्णांक एकतृतीयांश टक्के
३/८ = ६ आणे = ०.३७५ = साडेसदतीस टक्के
१/२ = ८ आणे = ०.५० = पन्नास टक्के
२/३ = १० आणे ८ पै = ०.६६६… = सहासष्ट पूर्णांक दोनतृतीयांश टक्के
३/४ = १२ आणे = ०.७५ = पंचाहत्तर टक्के

यांत तिसऱ्या हिश्श्याकडे विशेष लक्ष द्यावें. १९२ ला ३ नें नि:शेष भाग जाऊन ६४ पै येतात, म्हणून जुन्या फेरफारांत 'आणे ५ पै ४' असा तिसरा हिस्सा नेमका लिहितां येई. १०० ला ३ नें भाग जात नाहीं, ०.३३ पुढें तिनांची रांग संपतच नाहीं. उलट पांचवा हिस्सा पैशांत नेमका २० येतो, पण आणे-पैंत ३ आणे २.४ पै असा तुटका येतो. तात्पर्य, प्रत्येक मापास कांहीं हिस्से सोपे व कांहीं अवघड असतात. यांत मापाचा दोष नाहीं. छेदास कशानें भाग जातो एवढाच प्रश्न आहे.

ह्याचा व्यवहारांतील परिणाम पाहा. वडिलार्जित २ हेक्टर ५० आर जमीन तीन वारसांत वांटावयाची आहे. (२००५ च्या कायदा-दुरुस्तीनें एकत्र कुटुंबाच्या मिळकतींत मुलीसही मुलाइतकाच हक्क आला आहे, हें वांटणीच्या वेळीं विसरूं नये.) २५० आरांस तिनानें भागिलें तर ८३.३३ आर येतात. प्रत्येकास ८३ आर लिहिले तर बेरीज २४९ होते आणि १ आर, म्हणजे १०० चौरस मीटर, जवळजवळ गुंठाभर जमीन कोणाच्याच नांवें राहत नाहीं. चौरस मीटरपर्यंत जाऊन ०.८३.३३ असें लिहिलें तर फक्त १ चौरस मीटर उरतो. म्हणून वांटणीपत्रांत हिस्सा १/३ असा अपूर्णांकांतच लिहावा, त्यापुढें क्षेत्र लिहावें, व उरलेला तुकडा कोणाकडे जातो तेंही स्पष्ट लिहून ठेवावें. आज एका ओळीचें काम आहे. पुढल्या पिढींत तेंच बांधाच्या भांडणाचें कारण होतें.

३. क्षेत्रांतील टिंब

जुन्या कागदांत क्षेत्र एकर-गुंठ्यांत असे, आणि एकराचे गुंठे ४० असतात. नव्या कागदांत तें हेक्टर-आरांत असतें, आणि हेक्टरचे आर १०० असतात. म्हणून हेक्टर-आरांतील टिंब हें खरें दशांश-चिन्ह होय. एकर-गुंठ्यांमधील टिंब अथवा आडवी रेघ केवळ दोन मापें वेगळीं दाखविण्यासाठीं असते.

२ एकर १० गुंठे हें क्षेत्र दशांशांत २.१० एकर नव्हे. १० गुंठे म्हणजे १०/४०, पाव एकर. म्हणून तें क्षेत्र २.२५ एकर, सव्वादोन एकर होय. ज्यानें २.१० समजून खरेदीखताचा हिशेब केला, त्याचा ०.१५ एकर, म्हणजे सहा गुंठे जमिनीचा पैसा चुकला.

एकराचे आर ४०.४७ होतात. म्हणून सव्वादोन एकरांस ०.४०४७ नें गुणिलें तर ०.९१ हेक्टर येतात. ही पडताळणी जुना व नवा उतारा शेजारीं ठेवून प्रत्येकानें आपल्या गटाची एकदां करावी. तसेंच हेक्टरांतील १.०५ व १.५ हे आंकडे सारखे भासतात, पण पहिला १ हेक्टर ५ आर व दुसरा १ हेक्टर ५० आर आहे. मधलें शून्य दिसावयास लहान, पण तेथें ४५ आरांचा, म्हणजे एकराहून अधिक जमिनीचा फरक आहे.

४. लहान कोणता, मोठा कोणता

दोन हिश्श्यांची तुलना करावयाची तर दोन्हींचा छेद एक करावा. समजा, बटाईनें जमीन करणाऱ्यास एक मालक पिकाचा ३/८ हिस्सा देऊं करतो व दुसरा २/५. आठ व पांच यांचा लघुतम साधारण विभाज्य ४०. तेव्हां ३/८ म्हणजे १५/४० व २/५ म्हणजे १६/४०. हा ४० म्हणजे आपला एकरच झाला : एकराच्या पिकांत पहिला मालक पंधरा गुंठ्यांचें पीक देतो, दुसरा सोळा गुंठ्यांचें. शेकड्यांत पाहिलें तर साडेसदतीस व चाळीस. ज्यास समच्छेद सुचत नाहीं त्यानें दोन्हींचा शेकडा काढावा. उत्तर एकच येतें.

दशांशांची तुलना करितांना उजवीकडील घरें सारखीं करावीं. १०.५ आणि १०.२५ यांत मोठा कोणता, असें विचारलें असतां पंचवीस हा पांचाहून मोठा म्हणून १०.२५ कडे बोट दाखविणारे पुष्कळ भेटतात. पण १०.५ म्हणजे १०.५०, साडेदहा, आणि १०.२५ म्हणजे सव्वादहा. आंकडे तोंडानें आपल्या बोलींत म्हणून पाहिले कीं ही चूक होत नाहीं.

५. सरासरी काढतांना सावधगिरी

आणेवारी, जिला आतां पैसेवारी म्हणतात, ती शेकड्याचाच एक प्रकार आहे. प्रत्यक्ष उत्पन्नास प्रमाण उत्पन्नानें भागून शंभरानें गुणिलें कीं पैसेवारी येते. हेक्टरीं प्रमाण उत्पन्न १२ क्विंटल धरलें व शेतांत पावणेसहा क्विंटल निघालें, तर ५.७५ भागिले १२ बरोबर ०.४७९, म्हणजे ४८ पैसे. महाराष्ट्रांत ५० पैशांची रेषा टंचाईच्या सवलतींच्या दृष्टीनें फार दिवस महत्त्वाची मानली गेली. केंद्र सरकारच्या २०१६ च्या दुष्काळ-संहितेनें पर्जन्य, पेरणी, जमिनींतील ओलावा, पाणीसाठा अशा इतर कसोट्या पुढें आणल्या. पण त्याही बहुतेक शेकड्यांतच मोजतात.

आतां एक उदाहरण घेऊं. एका गांवीं ज्वारी ३०० हेक्टर असून तिचें पीक ४० पैसे आहे. तूर १०० हेक्टर असून तिचें पीक ६४ पैसे आहे. गांवचें एकंदर पीक किती? चाळीस व चौसष्ट यांची बेरीज करून दोहोंनीं भागिलें तर ५२ पैसे येतात. हा हिशेब बरोबर नाहीं, कारण ज्वारीचें रान तुरीच्या तिप्पट आहे. क्षेत्राचा भार देऊन काढावें : ३०० गुणिले ४० बरोबर १२,०००, १०० गुणिले ६४ बरोबर ६,४००, बेरीज १८,४००, तिला ४०० नें भागिलें असतां ४६ पैसे. एका रीतीनें गांव पन्नासाच्या वर जातो, दुसऱ्या रीतीनें खालीं. टक्क्यांची सरासरी करण्यापूर्वीं प्रत्येक टक्क्यामागें क्षेत्र किती, वजन किती, रक्कम किती, हें विचारावें. ग्रामसभेंत आंकडे वाचले जातात तेव्हां हा प्रश्न विचारण्याइतकें गणित प्रत्येक खातेदारास यावें, अशी आमची इच्छा आहे.

६. बी, ऊस आणि व्याज

बियाण्याची उगवण-शक्ति पाहण्यास कोणत्याही यंत्राची गरज नाहीं. बियाण्यांतून न निवडतां शंभर दाणे घ्यावे, ओल्या गोणपाटांत ओळींनीं मांडून गुंडाळून ठेवावे, ओल सुकूं देऊं नये, आणि कांहीं दिवसांनीं चांगले मोड आलेले दाणे मोजावे. छेद शंभरच असल्यानें मोजलेला आंकडा तोच शेकडा. प्रमाणित ज्वारीच्या बियाण्यास किमान ७५ टक्के उगवण लागते. घरचें मालदांडीचें बी ६० च निघालें तर ७५/६० म्हणजे ५/४, सव्वापट बी लागेल : एकरीं ४ किलोंच्या जागीं ५ किलो. उगवण याहूनही फार खालावली असेल तर हिशेब करीत न बसतां बी बदलावें, कारण अशा बियाण्याचें रोपही अशक्त निघतें.

उसाचा दर साखरेच्या उताऱ्यावर ठरतो. २०२५-२६ च्या गळीत हंगामासाठीं केंद्र सरकारनें १०.२५ टक्के उताऱ्यास क्विंटलला ३५५ रुपये हा रास्त व किफायतशीर दर ठरविला आणि त्यावरील प्रत्येक ०.१ टक्क्यास ३ रुपये ४६ पैसे वाढ ठेविली. उतारा १०.७५ असेल तर फरक ०.५०, म्हणजे ०.१ चे पांच टप्पे. ५ गुणिले ३.४६ बरोबर १७ रुपये ३० पैसे. क्विंटलला दर ३७२ रुपये ३० पैसे झाला. टनास १७३ रुपये, आणि शंभर टन ऊस घालणाऱ्यास तोडणी-वाहतूक वजा होण्यापूर्वीं १७,३०० रुपये अधिक. 'अर्धा टक्का काय मोठा' असें म्हणणाऱ्यानें हा गुणाकार करून पाहावा.

व्याजांत शेकडा कोणत्या मुदतीचा, हें पाहणें अगत्याचें आहे. 'द. सा. द. शे. १२' म्हणजे दरसाल दरशेकडा बारा. 'दोन टक्क्यांनीं घेतले' असें गांवांत म्हणतात तेव्हां तो दर बहुधा दरमहाचा असतो; तो वर्षाचा २४ होतो. आणि 'रुपयास महिना आणा' हें ऐकावयास किती क्षुल्लक! पण आणा म्हणजे १/१६, सव्वासहा टक्के; बारा महिन्यांचे पंचाहत्तर टक्के. पाऊण मुद्दल एका वर्षाच्या व्याजांत जातें. दोन कर्जांची तुलना दोन्ही दर वर्षावर आणल्याशिवाय कधींही करूं नये.

७. कशाचा शेकडा?

आतां सर्वांत महत्त्वाची गोष्ट. शेकडा ऐकला कीं 'कशाचा?' असें विचारावें. अखंड कोणतें तें ठाऊक नसेल तर शेकड्यास अर्थ नाहीं.

आपल्या उजनीचेंच पाहा. धरणांतील एकंदर साठा सुमारे ११७ अब्ज घनफूट, ज्यास टी. एम. सी. म्हणतात. त्यांपैकीं सुमारे ६३.६५ मृत साठा व ५३.५७ उपयुक्त साठा. वर्तमानपत्रांत येणारा शेकडा उपयुक्त साठ्याचा असतो. म्हणून 'उजनी ५० टक्के' म्हणजे ११७ चा निम्मा नव्हे, ५३.५७ चा निम्मा २६.७९ अधिक मृत साठा ६३.६५, मिळून ९०.४४ पाणी धरणांत असतें. २०२४ च्या उन्हाळ्यांत उजनीचा साठा उणे पन्नास टक्क्यांच्याही खालीं गेला, तेव्हां शून्याखालीं पाणी कसें असेल, असें कित्येकांनीं विचारलें. उणे ५० म्हणजे मृत साठ्यांतून २६.७९ वापरले गेले, ६३.६५ वजा २६.७९ बरोबर ३६.८६ अजून धरणांत आहे, पण तें नेहमींच्या कालव्याच्या पाळ्यांसाठीं धरतां येत नाहीं. उन्हाळी पीक लावावें कीं न लावावें, हा निर्णय ज्यास घ्यावयाचा आहे त्यास हा आंकडा नीट वाचतां आलाच पाहिजे.

दुसरें उदाहरण कांद्याचें. क्विंटलचा भाव २,००० होता, तो २० टक्के उतरला, १,६०० झाला. पुढें २० टक्के चढला, म्हणून पूर्वीचा भाव आला काय? नाहीं. चढ १,६०० वर मोजला. तो ३२० झाला, आणि भाव १,९२० वर थांबला. उतरतांना अखंड २,००० होतें, चढतांना १,६००. पूर्वपदास यावयाचें तर २५ टक्के चढ पाहिजे.

सारांश असा. हिस्सा तीन रीतींनीं लिहितां येतो व तिन्ही एकाच किंमतीचे असतात. तुलनेसाठीं छेद, घरें व मुदत सारखीं करावीं. सरासरीस भार द्यावा. आणि कशाचा हिस्सा, हें विचारल्याशिवाय कोणत्याही कागदावर सही करूं नये. भास्कराचार्यांनीं ११५० च्या सुमारास लीलावतींत अपूर्णांक व त्रैराशिक शिकविलें. आपल्या कामास त्याहून अवघड गणित क्वचितच लागतें.

वाचकांनीं सोडवावयाचीं उदाहरणें

(१) ३ एकर ३० गुंठे हें क्षेत्र एकराच्या दशांशांत लिहा.
(२) युरियाच्या ४५ किलोंच्या पोत्यांत ४६ टक्के नत्र असतें. एका पोत्यांत नत्र किती? एकरीं २० किलो नत्र द्यावयाचें तर युरिया किती लागेल?
(३) एका शेतांत ५/८ पीक वांचलें, दुसऱ्यांत ०.६. अधिक कोठें वांचलें?
(४) बाजरी २०० हेक्टर, पीक ३५ पैसे. मका ५० हेक्टर, पीक ७० पैसे. दोहोंचें मिळून पीक किती पैसे?
(५) जुन्या फेरफारांत 'आणे २ पै ८' असा हिस्सा आहे. तो अपूर्णांकांत लिहा.

उत्तरें : (१) ३.७५ एकर. (२) २०.७ किलो, सुमारे साडेत्रेचाळीस किलो. (३) पहिल्यांत, ५/८ म्हणजे ०.६२५. (४) ४२ पैसे. (५) ३२ पै भागिले १९२, म्हणजे १/६.

घरांत शाळेंत जाणारा मुलगा अथवा मुलगी असेल तर हीं उदाहरणें त्यांच्याजवळ बसून सोडवावीं, आणि त्यानंतर आपला सातबारा व शेवटचें ऊसबिल त्यांच्यापुढें ठेवावें. शाळेंतील गणित आपल्याच घरच्या कागदावर चालतें, हें मुलांस त्यांतून कळेल, आणि आपल्या कागदांवर आणखी एका माणसाची नजर राहील.